सर्व्हरचं घड्याळ ब्राउझरमध्ये कसं आणायचं

“स्क्रीनवर अजून दोन मिनिटं दिसत होती आणि पेपर बंद झाला.” तक्रार एवढीच होती, खाली स्क्रीनशॉट जोडलेला. ऑनलाइन चाचणीचं ते पान मी लिहिलेलं. स्क्रीनशॉट खरा होता आणि सर्व्हरचा लॉगही खरा होता. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचं घड्याळ दोन मिनिटं मागं होतं, आणि माझा काउंटडाउन त्याच घड्याळाला विचारून उलटे आकडे मोजत होता. वेळ संपली की नाही हे मात्र सर्व्हर स्वतःच्या घड्याळावर ठरवत होता. दोन घड्याळं, एक पेपर.

अशा वेळी काय करायचं ते इथं पहिल्यापासून सांगतो. थोडंफार जावास्क्रिप्ट येत असेल तर पुरे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. वेबपानावरच्या जावास्क्रिप्टला यंत्राचं घड्याळ लावता येत नाही. फक्त वाचता येतं. कॉम्प्युटर आपापलं घड्याळ एनटीपी नावाच्या प्रोटोकॉलनं जुळवतात, पण तो यूडीपी या सुटी पाकिटं पाठवणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि पानाला तसं थेट यूडीपी पाकीट पाठवायची सोय ब्राउझर देत नाही. मग उरतं काय? घरातलं एखादं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि वेळ बघणारा मनातल्या मनात पाच मिनिटं वजा करतो. काट्याला कुणी हात लावत नाही. आपल्यालाही तेच करायचंय: फरक मोजायचा, जपून ठेवायचा आणि प्रत्येक वेळी तो धरून हिशेब करायचा.

किती अचूक हवंय?

कोड लिहायच्या आधी हे ठरवा, नाहीतर उगाच मिलिसेकंदांच्या मागं लागाल. “३ मिनिटांपूर्वी” असं दाखवायचं असेल तर चार-पाच सेकंदांच्या फरकानं कुणाचं काही बिघडत नाही. फक्त “उणे २ सेकंदांपूर्वी” असलं काही छापलं जाणार नाही एवढं बघा. चाचणीच्या किंवा तिकीटविक्रीच्या काउंटडाउनला अर्ध्या सेकंदाची चूक चालते. लिलावाची शेवटची बोली, बझर दाबायची प्रश्नमंजूषा किंवा चार फोनांवर एकाच वेळी वाजणारं गाणं असेल, तर मात्र दहा-वीस मिलिसेकंदांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथं नेटवर्क चांगलं असणं हे तुमच्या कौशल्याइतकंच महत्त्वाचं ठरतं.

ब्राउझरमधली दोन घड्याळं

पहिलं डेट.नाऊ(). १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, किती मिलिसेकंद झाले ते हे सांगतं. हे भिंतीवरचं घड्याळ. वापरणाऱ्यानं सेटिंगमध्ये जाऊन वेळ बदलली की हेही उडी मारतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमनं एनटीपीनं वेळ दुरुस्त केली तरीही.

दुसरं परफॉर्मन्स.नाऊ(). हे पान उघडल्यापासून किती वेळ गेला तेवढंच सांगतं. किती वाजले ते याला ठाऊक नसतं, पण ते कधी मागं जात नाही आणि कुणी सेटिंग बदलल्यानं हलत नाही. हे स्टॉपवॉच समजा. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ब्राउझरवाल्यांनी या स्टॉपवॉचची बारकाई मुद्दाम कमी केली. आपल्या कामाला त्यानं फरक पडत नाही, कारण नेटवर्कचा गोंधळ त्याच्या कैक पट मोठा असतो.

बहुतेक नवशिके पहिलं घड्याळ घेतात, त्यातून फरक काढतात आणि पुढं मध्येच कुणी घड्याळ बदललं की तोंडघशी पडतात. सर्व्हरकडून “किती वाजले” ते एकदा घ्यायचं आणि त्यानंतर “किती वेळ गेला” ते स्टॉपवॉचवर मोजायचं. मग डेट.नाऊ()ची गरजच उरत नाही. असली तर फक्त शंका घेण्यापुरती. ते पुढं येईल.

सर्व्हरकडून वेळ मागणं

सर्व्हरवर एक छोटासा पत्ता तयार करा, समजा “/वेळ”. त्यानं एकच आकडा परत करायचा: १९७० पासूनचे मिलिसेकंद. तारखेची अक्षरी ओळ पाठवू नका. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख असलेली प्रमाणित ओळ यूटीसी मानली जाते, पण त्याच ओळीत वेळ आली आणि टाइम झोन लिहायचा राहिला, तर ती वापरणाऱ्याच्या स्थानिक वेळेत वाचली जाते. या एका विसंगतीनं मी दोन संध्याकाळी घालवल्यात. आकड्याला टाइम झोन नसतो, म्हणून आकडाच बरा.

उत्तरासोबत कॅश-कंट्रोल हेडरमध्ये नो-स्टोअर, म्हणजे “हे उत्तर साठवू नका”, असं द्या, आणि ब्राउझरकडून फेच करतानाही कॅशचा पर्याय नो-स्टोअर ठेवा. पानावर सर्व्हिस वर्कर (पानाच्या रिक्वेस्ट मध्येच हाताळणारी स्क्रिप्ट) असेल तर तो हा पत्ता अडवून जुनं उत्तर तर देत नाही ना, तेही पाहा. शिळी वेळ मिळण्यापेक्षा वेळ न मिळालेली परवडली. निदान चूक लक्षात तरी येते.

“प्रत्येक उत्तरात डेट नावाचं हेडर असतंच की, मग वेगळा पत्ता कशाला?” असं कुणीतरी विचारतंच. ते हेडर असतं खरं, पण त्यात सेकंदापर्यंतचीच वेळ असते, मिलिसेकंद नसतात. उत्तर मधल्या कॅशमधून आलेलं असेल तर ती वेळ मूळ उत्तर तयार झालं तेव्हाची असू शकते. आणि सर्व्हर दुसऱ्या डोमेनवर असेल तर ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्समध्ये त्याचं नाव घातल्याशिवाय जावास्क्रिप्टला ते हेडर दिसतही नाही. सर्व्हरच्या कोडला हात लावायची परवानगी नसेल आणि सेकंदभराची चूक चालणार असेल, तरच हा आडमार्ग घ्या.

मोजमाप

खरी गंमत इथं आहे, म्हणून थोडं थांबू.

सर्व्हरनं “१०:०३:०७” असं लिहून पाठवलं. ते तुमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती वेळ जुनी झालेली असते. किती जुनी? ते थेट मोजता येत नाही. पण रिक्वेस्ट निघाल्यापासून उत्तर हातात येईपर्यंत एकूण किती वेळ गेला, ते आपल्याच स्टॉपवॉचवर मोजता येतं. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरायचं आणि त्या फेरीच्या मधोमध सर्व्हरनं वेळ लिहिली असं मानायचं. फ्लाविउ क्रिस्टियन यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत ती हीच.

समजायला सोपं पडावं म्हणून उदाहरणात दोन्हीकडं भिंतीवरची घड्याळं घेऊ. ब्राउझरच्या घड्याळात १०:००:००.००० वाजता रिक्वेस्ट निघाली आणि १०:००:००.२४० ला उत्तर आलं. उत्तरात सर्व्हरची वेळ १०:०३:०७.१३०. फेरी २४० मिलिसेकंदांची, मध्य ००.१२० ला. फरक आला ३ मिनिटं ७.०१० सेकंद, म्हणजे १,८७,०१० मिलिसेकंद. सर्व्हरनं वेळ फेरीच्या अगदी सुरुवातीला लिहिली असेल किंवा अगदी शेवटी, पण फेरीच्या बाहेर तर नक्कीच नाही. म्हणून चूक जास्तीत जास्त निम्म्या फेरीएवढी, म्हणजे १२० मिलिसेकंद. खरा फरक १,८६,८९० आणि १,८७,१३० यांच्यामध्येच कुठंतरी आहे.

आता आणखी दोन वेळा विचारू. दुसरी फेरी ६२ मिलिसेकंदांत झाली आणि फरक आला १,८६,९८९. इथं चूक फार तर ३१ मिलिसेकंद, म्हणजे पट्टा १,८६,९५८ ते १,८७,०२०. तिसऱ्या वेळी नेटवर्क रखडलं, फेरीला तब्बल ९०० मिलिसेकंद लागले आणि फरक आला १,८७,३७०.

इथं हात शिवशिवतात सरासरी काढायला. तिघांची सरासरी येते १,८७,१२३. पण थांबा, दुसऱ्या फेरीनं तर छातीठोक सांगितलंय की खरा फरक १,८७,०२० च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे सरासरी काढून आपण एक अशक्य उत्तर मिळवलं. तिसऱ्या फेरीत जाताना ८०० च्या वर मिलिसेकंद गेले आणि येताना जेमतेम ७०, त्यामुळं मधोमधचा अंदाज साफ कोलमडला. संथ फेरीत असंच होतं: उशीर दोन्ही बाजूंना सारखा वाटला जात नाही, कुठल्यातरी एका बाजूला साचतो.

तेव्हा सरासरी नको. पाच ते आठ वेळा विचारा, मध्ये दोन-तीनशे मिलिसेकंद जाऊ द्या आणि सगळ्यांत छोट्या फेरीचं उत्तर ठेवा. बाकीची टाका. पहिली फेरी तर न बघताच टाका, कारण नवं कनेक्शन उघडताना नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं, टीसीपी जोडणी आणि एन्क्रिप्शनसाठी टीएलएसची बोलणी हे सगळं तिच्यातच मोजलं जातं. दुसऱ्या फेरीपासून कनेक्शन तयार असतं.

आधीच वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन, उघडलेलं असेल तर तेच वापरा, फेऱ्या छोट्या होतात. मात्र वेबसॉकेटच्या प्रोटोकॉलमधले पिंग-पाँग जावास्क्रिप्टच्या हाती लागत नाहीत. आपला साधा संदेश पाठवून सर्व्हरकडून साधं उत्तर घ्यावं लागतं.

सर्व्हरवर रिक्वेस्ट रांगेत तिष्ठत असेल तर एकाऐवजी दोन वेळा मागवता येतात: रिक्वेस्ट आली तेव्हाची आणि उत्तर निघालं तेव्हाची. मग सर्व्हरमध्ये गेलेला वेळ फेरीतून वजा होतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये आणलेल्या एनटीपीचा चार वेळांचा हिशेब हाच आहे. तुमचा “/वेळ” पत्ता काहीही काम न करता लगेच उत्तर देत असेल तर याची गरज नाही.

खुंटी ठोकणं

सर्वांत छोटी फेरी मिळाली की दोन आकडे जपून ठेवा: स्टॉपवॉचवरचा एक क्षण आणि त्याच क्षणाची सर्व्हरची वेळ. हीच आपली खुंटी, पुढचा सगळा हिशेब तिच्यावरून. कोडमध्ये साधारण असं होईल:

आरंभ = परफॉर्मन्स.नाऊ()
सर्व्हरवेळ = “/वेळ” कडून आलेला आकडा
शेवट = परफॉर्मन्स.नाऊ()
फेरी = शेवट − आरंभ
खुंटी_स्टॉपवॉच = शेवट
खुंटी_सर्व्हर = सर्व्हरवेळ + फेरी ÷ २

आणि पानात कुठंही “आत्ता सर्व्हरवर किती वाजले?” हा प्रश्न पडला की:

आत्ता = खुंटी_सर्व्हर + (परफॉर्मन्स.नाऊ() − खुंटी_स्टॉपवॉच)

ही शेवटची ओळ एका फंक्शनमध्ये घाला आणि संपूर्ण पानात फक्त तेच फंक्शन वापरा. एका कोपऱ्यात कुणीतरी डेट.नाऊ() तसंच ठेवलं की तोच कोपरा पुढं तक्रार बनून येतो. फेरी ÷ २ हा आकडाही जवळ ठेवा, कारण आपण किती चुकलेले असू शकतो ते तो सांगतो. तो ५०० च्या वर असेल तर दशांश सेकंद दाखवायचा मोह आवरा.

टिकटिक

सर्व्हरकडून “इतकी मिनिटं उरली” असं मागू नका. “अमुक क्षणी संपेल” असा पक्का क्षण मिलिसेकंदांत मागा. उरलेला वेळ दर वेळी नव्यानं काढायचा: संपण्याचा क्षण उणे आत्ता. दर सेकंदाला एका चलातून एक वजा करत जाणारा काउंटडाउन पहिल्या दिवसापासून सडका असतो. सेटइंटरव्हल प्रत्येक ठोका अगदी वेळेवर देईल अशी हमी नसते, आणि तो उशीर वजाबाकीत साचत जातो.

ठोके सेकंदाच्या काठावर पडावेत असं वाटत असेल तर सेटटाइमआउट वापरा. उरलेल्या मिलिसेकंदांना १००० नं भागून जी बाकी येईल तेवढं थांबायचं, दाखवायचं, पुन्हा बाकी काढायची. आकडा वरच्या पूर्णांकात दाखवा, म्हणजे स्क्रीनवर शून्य येईल तेव्हा खरंच संपलेलं असेल. एक खड्डा लक्षात ठेवा: सेटटाइमआउटला २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे साधारण २४.८ दिवसांपेक्षा मोठा आकडा दिला तर तो थांबत नाही, लगेच सुटतो. महिनाभर पुढच्या कार्यक्रमाचा “सुरू झालं!” असा फलक आजच झळकतो तो यामुळं.

टॅब मागं गेला, लॅपटॉप झोपला

टॅब नजरेआड असला की ब्राउझर टायमर सेकंदाला एकदावर आणतात. क्रोमनं तर २०२१ मध्ये, ८८ व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांहून अधिक काळ दडलेल्या टॅबचे टायमर काही अटींवर मिनिटाला एकदाच चालवायला सुरुवात केली. तुमचा हिशेब खुंटीवरून होत असेल तर काळजी नाही, टॅब समोर आला की आकडा योग्य जागी येतो. वजाबाकीवाला काउंटडाउन मात्र इथं पुरता वाहवत जातो.

झोपेचं प्रकरण याहून अवघड. लॅपटॉप मिटला की काही ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोड्यांत परफॉर्मन्स.नाऊ() थांबतं, काहींत चालू राहतं. तासाभरानं झाकण उघडलं तर खुंटी तासभर मागं असू शकते. इथं ते नाकारलेलं डेट.नाऊ() कामाला येतं. दर ठोक्याला दोन्ही घड्याळं बघा: मागच्या ठोक्यापासून एक किती पुढं गेलं आणि दुसरं किती? दोघांत सेकंदभराचा बेबनाव दिसला की एकतर यंत्र झोपलं होतं किंवा कुणीतरी वेळ बदलली. कोणतं घडलं ते शोधत बसायचं कारण नाही. दोन्हींवर उपाय एकच, पुन्हा मोजा. व्हिजिबिलिटीचेंज हा इव्हेंट येऊन टॅब दिसायला लागला की तेव्हाही मोजा, आणि नेटवर्क तुटून परत आलं की तेव्हाही.

याशिवाय किती वेळानं मोजायचं? साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चाल दहा लाखांत २० भागांनी चुकली तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद, म्हणजे दहा मिनिटांत १२ मिलिसेकंद. काउंटडाउनसाठी दहा-पंधरा मिनिटांनी एक फेरा भरपूर झाला. दर पाच सेकंदांना सर्व्हरचं दार ठोठावणारी पानं मी पाहिलीत. त्यातून अचूकता वाढत नाही, सर्व्हरचं बिल वाढतं.

नवं मोजमाप आल्यावर आकडा धाडकन मागं उडी मारू देऊ नका. उरलेले सेकंद ४१ वरून ४३ झालेले पाहिले की माणसाचा पानावरचा विश्वास उडतो. फरक छोटा असेल तर काही सेकंदांत थोडा थोडा मुरवा, मोठा असेल तर सरळ बदला. एनटीपीचा जुना प्रोग्रामही मुळात असंच करतो. १२८ मिलिसेकंदांपर्यंत तो घड्याळाची चाल हळूच बदलतो, त्याच्या वर गेलं की उडी.

सर्व्हरचं घड्याळ तरी बरोबर आहे का?

लोड बॅलन्सरच्या, म्हणजे रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या, मागं चार सर्व्हर असतील आणि त्यांची घड्याळं आपसात जुळत नसतील, तर तुम्ही कितीही निगुतीनं मोजा, दर फेरीला वेगळा फरक येईल. प्रत्येक सर्व्हरवर क्रॉनी हा एनटीपीनं घड्याळ जुळवणारा प्रोग्राम किंवा तत्सम काहीतरी चालू आहे ना, एवढं सिस्टिमवाल्यांना विचारून घ्या. वेळ डेटाबेसकडून घेत असाल तर आणखी एक: पोस्टग्रेस्क्यूएलचं नाऊ() हे ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाची वेळ देतं, या क्षणाची नाही. या क्षणाची हवी असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प().

आणि एवढं सगळं करूनही निकाल ब्राउझरनं द्यायचा नाही. ब्राउझरनं पाठवलेली वेळ कुणीही हातानं बदलू शकतो. उत्तर वेळेत आलं का, बोली मुदतीत होती का, हे सर्व्हरनं स्वतःच्या घड्याळावर, रिक्वेस्ट पोचली त्या क्षणावरून ठरवायचं. रस्त्यात जाणाऱ्या वेळेसाठी दोन-तीन सेकंदांची सवलत गुपचूप द्या. त्या चाचणीच्या पानाला मी तीन दिली.

तपासून पाहणं

स्वतःच्या यंत्राची वेळ आपोआप जुळवण्याचं सेटिंग बंद करा, घड्याळ सात मिनिटं मागं न्या आणि पान उघडा. शेजारी बरोबर वेळ दाखवणाऱ्या फोनवरही तेच पान उघडून ठेवा. दोन्हींकडं काउंटडाउन एकाच ठोक्याला चालला पाहिजे. पान चालू असतानाच घड्याळ दहा मिनिटं पुढं ढकला. आकडा हलता कामा नये. डेव्हलपर टूल्समधून नेटवर्क मुद्दाम संथ करा आणि फेरी ÷ २ हा आकडा वाढतो का बघा. टाइम झोन बदलून पाहा. पुष्कळ लोक चुकीचा टाइम झोन तसाच ठेवून घड्याळातले तासच हातानं बदलतात. त्यांच्या पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण यूटीसीच्या हिशेबानं यंत्र कित्येक तास चुकलेलं असतं. शेवटी लॅपटॉप मिटून चहा पिऊन या.

घड्याळ एकदम दोन-तीन वर्षं पुढं नेऊन मात्र पाहू नका. ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र मुदत संपलेलं वाटेल आणि तुमचा कोड चालायच्या आधीच पान उघडायला तो नकार देईल.